ताठ कडी

“ताई, ही गाडी चालवतं कोण?”

मिस्त्री मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उजेड बेताचाच, म्हणून त्याने मोबाईल दातांत धरून पाहिला, मग तो नाद सोडला आणि मोबाईल तिच्या हातात दिला.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली. हे गेले तेव्हापासून इथेच उभी आहे.”

“असं होय.” त्याने चेनवरून बोट फिरवलं आणि ते तिच्यापुढे धरलं. बोट ओलं होतं, तेलाने. “मग हिला तेल कोण घालतं?”

तिने उजेड गाडीवरून फिरवला. टाकीला गंजाचे फोड आले होते. सीट उंदरांनी कुरतडली होती. हँडलपासून आरशापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि ते कुठेही तुटलेलं नव्हतं. म्हणजे गाडीवर कोणी बसलं नव्हतं. पण मागे चाकापाशी चेन तेवढी लखलखत होती, रोज घासलेल्या तांब्यासारखी.

गाडी मधल्या स्टँडवर होतीच, मिस्त्रीने ती नीट टेकवली आणि चाक हाताने हळूच फिरवलं. चेन सरकायला लागली. कुठेतरी टक् झालं. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

तिने उजेड चेनजवळ नेला.

“एक कडी ताठ झालीये,” मिस्त्री म्हणाला. “वळायचं विसरलीये. दातेरी चक्रावर आली की उसळते आणि चेनवरच्या पत्र्याला लागते. ऐकलं ना?”

ऐकलं होतं. चार वर्षांनी ऐकलं होतं.

ती सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत, घरच्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, सासूबाई. नवरा विजेचे मीटर वाचायला दारोदार फिरायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. गल्ली उताराची. गल्लीच्या तोंडाशी आला की तो इंजिन बंद करायचा आणि गाडी तशीच सोडून द्यायचा, पेट्रोल वाचतं म्हणून. वाचून वाचून किती वाचणार, पण सवय. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही, उतारावरून नुसती ती टक्, टक्, टक् खाली येत असे. त्या आवाजावर सासूबाई ताट घेत. गाडी दारात थांबेपर्यंत पाण्याचा तांब्या भरलेला असे. एका दुपारी कोणाच्या तरी घरी मीटर वाचतानाच त्याच्या छातीत कळ आली, आणि त्या दुपारी टक् काही झालं नाही. माणूस जातो. देवाघरचं बोलावणं, त्याला आपण काय करणार. पण त्याच्या सवयी घरातच राहतात आणि त्यांना कोणी बोलावणं धाडत नाही.

“नुसती चेन बदलून टाक,” ती म्हणाली.

“नुसती चेन? ताई, तुमच्याकडे एकाच सुईने दोघांना टोचतात का?”

“नाही रे बाबा.”

“मग. पुढचं छोटं चक्र, मागचं मोठं चक्र आणि चेन. तिघं एकत्र म्हातारी होतात. एकमेकांच्या मापाने झिजतात. जुन्या चक्रावर नवी चेन घातली तर जुनं नव्याला खाऊन टाकतं, महिन्याभरात. बदलायचं तर तिन्ही, नाहीतर हातच लावू नका.” त्याने पान्हा शोधला. “आणि हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. माझ्याकडे नाही मिळायचं. चक्र काढून देतो, तेच घेऊन बाजारात फिरा. भोकाला भोक जुळलं तरच घ्या. दुकानदार म्हणेल बसेल बसेल. बसत नसतं.”

त्याने चाक उतरवलं, चक्र आणि चेन सोडवली, पुढचं छोटं चक्रही काढलं, आणि चाक परत जागेवर अडकवून ठेवलं. गाडी लंगडी बरी दिसत नाही, म्हणाला. जुनी चेन आणि दोन्ही चक्रं वर्तमानपत्रात बांधून त्याने तिच्या हातात दिली. पुडकं एखाद्या तान्ह्या मुलाएवढं जड होतं.

घाई तिलाच होती. पुढच्या महिन्यापासून तिची बदली डोंगरावरच्या आरोग्यकेंद्रात झाली होती. तिकडे दिवसाकाठी एकच बस, सकाळी चढायची ती दुसऱ्या सकाळी उतरायची. म्हणजे मुक्काम तिकडेच. सासूबाईंना नजर जवळजवळ नव्हतीच, उजेड-अंधार तेवढा कळे, आणि हे घर सोडायचं म्हटलं की त्या भिंतीकडे तोंड करून बसत. नोकरी सोडावी तर चूल विझते, नोकरी धरावी तर म्हातारी एकटी. गाडी सुरू झाली तरच रोज संध्याकाळी घरी परतता येणार होतं. गिअरची गाडी चालवायला नवऱ्यानेच शिकवली होती, शाळेच्या रिकाम्या मैदानावर, मागे बसून, सारखं “अगं क्लच, क्लच” करत.

पुडकं घेऊन ती घरात आली तेव्हा सासूबाई खाटेवर बसल्या होत्या.

“कोण आलं होतं गं शेडमध्ये?”

“मिस्त्री, आई. गाडी दुरुस्त करायची ना.”

“त्याने काही नेलं का?”

“नाही हो. चेन माझ्याकडेच आहे.”

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. सिस्टरने तो बाहेर काढला आणि रोजच्यासारखा कोमट पाण्यात धरला. नखांच्या कडांना काळं बसलेलं असे, ते तिला कधीच पुरतं निघायचं नाही. चुलीची काजळी, ती समजायची.

“आई, कुठे हात घालता हो दिवसभर?”

“म्हातारीचे हात. कुठेही जातात.”

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर दुपारचं ताट जसंच्या तसं झाकलेलं.

“जेवला नाहीत?”

“आज आला नाही तो,” सासूबाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, दूधवाला आला नाही असं सांगावं तशा.

सिस्टरने झाकण परत ठेवलं. रुग्णांच्या तोंडून असलं ती पुष्कळ ऐकत आली होती. म्हातारपणात दिवसांची चळत विस्कटते, वरचा दिवस खाली जातो. पण ताट आवरून बाहेर आली तर शेजारीण कुंपणापाशी कपडे काढत होती.

“सिस्टर, गाडी विकली का?”

“नाही. का हो?”

“आज आवाज नाही आला म्हणून.” तिने कपड्यांचा चिमटा दातांतून काढला. “दुपारी यायचा ना तुमच्याकडून. टक् टक्. हे म्हणाले, असू दे, कोणाच्या घरातलं विचारू नये. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी, खोटं कशाला बोलू, देवापुढे दिवा लावला. मग सवय झाली. उलट बरं वाटायचं. दीड वाजला असेल, म्हणायचे, भाऊ आले.”

“रोज यायचा?”

“तुम्ही घरी असलात की नाही यायचा.” असं म्हणून शेजारीण ओले नसलेले कपडे पिळू लागली.

त्या रात्री सिस्टर पुडकं उशाशी घेऊन झोपली नाही, कोणी कशाला झोपेल. पण ते तिने घराबाहेरही ठेवलं नाही.

बाजारात मिस्त्री म्हणाला होता तस्संच झालं. पहिल्या दुकानात दात जुळले, मधलं भोक मोठं. दुसऱ्यात भोक जुळलं, बोल्टची भोकं आडवी गेली. तिसऱ्या दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, नवीन गाडी घ्या ना, हप्त्यावर.” चौथा म्हणाला, “बसेल, बसेल. दोन वायसर टाका, हातोडीने बसवा.” तिने चक्रावर चक्र ठेवून उजेडाकडे धरलं. जुळलेल्या भोकातून आरपार दिसायला हवं होतं, तिथे अर्ध्या भोकात लोखंड होतं, ग्रहण लागल्यासारखं.

“म्युझियमकडे जा,” चौथ्यानेच शेवटी सांगितलं.

म्युझियम म्हणजे बोळाच्या टोकाला राहणारे एक वयस्क गृहस्थ. बंद पडलेल्या गाड्यांचे भाग ते गोळा करत, आणि विकताना गिऱ्हाइकाची मुलाखत घेत म्हणून सगळा बाजार त्यांना त्या नावाने ओळखायचा. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. छतापासून चक्रं टांगलेली, वाऱ्याने एकमेकांवर हळूच किणकिणणारी, कुठेतरी लांब भजन चालू असावं आणि वाऱ्यावर नुसते टाळच यावेत, गळा यायचा राहून जावा, तशी.

“बसा. गाडी कोणाची?”

“यांची. म्हणजे, आता माझी.”

त्यांनी पुडकं सोडलं. मोठं चक्र उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, “तुमचे यजमान उतारावर गाडी बंद करून सोडायचे.”

“तुम्ही ओळखायचात त्यांना?”

“छे. हा दात बघा. इंजिन चाकाला ओढतं तेव्हा दाताच्या ह्या अंगावर ताण येतो. ही इकडची झीज सगळ्यांचीच असते. पण गाडी बंद करून उतारावर सोडली की उलटं. चाक चेनला ओढतं. मग दात ह्या दुसऱ्या अंगाने झिजतो. पेट्रोल वाचवणारी जात ही. दोन रुपयांचं पेट्रोल वाचवून दोनशेची चेन खाणारी.” ते हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी अंगठा एका दातावरून दुसऱ्यावर फिरवला, सगळा फेरा पुरा केला. “गाडी किती वर्षं बंद म्हणालात?”

“चार.”

“मग हे कसं? ओढण्याच्या अंगावर गंज आहे, बघा, तपकिरी, जुना. इंजिन खरंच सुरू झालेलं नाही. पण ह्या उताराच्या अंगावर? आरसा आहे. लोखंडावर दोन दिवसांत तांबूस धरतं, बाई. हे परवा-तेरवापर्यंत फिरत होतं.” ते थांबले. “कोणीतरी रोज ही गाडी उतारावरून सोडतंय. इंजिन बंद करून.”

छताला टांगलेली चक्रं किणकिणली. गाडी शेडमध्ये, स्टँडवर. आरशावर जाळं अखंड. आणि दुपारी दीड वाजता गल्लीतून काय येत होतं, हे विचारायचं कोणाला?

म्युझियमकाकांनी चेन उचलली, एक कडी दोन बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

“आणि हे इंजिनातलं तेल नाही.” त्यांनी चेन तिच्याकडे केली. “वास घ्या.”

तिने घेतला. आणि तिचे डोळे आपोआप मिटले. हा तर त्याचाच वास. गाडी शिकवताना मागून खांद्यावरून यायचा तो. उशीच्या अभ्र्यात वर्षभर राहिला होता, मग एका धुण्यात गेला. लोखंडाच्या वासाखाली तो जसाच्या तसा होता, ओला, ताजा. क्षणभर तिला वाटलं, मागे वळून पाहिलं तर.

तिने वळून पाहिलं नाही. तिने पुन्हा वास घेतला, या वेळी सिस्टर म्हणून, बाटलीवरची चिठ्ठी निघाली असेल तर औषध ओळखावं तसा. हे डोक्याला लावायचं तेल होतं. त्याच्या डोक्याला लग्नानंतरही दर सुट्टीच्या दिवशी त्याची आईच ते चोळायची. बाटली अजून खाटेखाली होती. आणि ती लवकर संपते म्हणून सिस्टर दर महिन्याला कुरकुरत होती.

“केसांचं तेल चेनला,” म्युझियमकाका पुटपुटले. “धूळ धरतं त्याने. कडी ताठ होणारच.”

“काका,” ती म्हणाली, “ह्या मापाचं मिळेल ना?”

त्यांनी काठी घेतली आणि छताच्या अगदी आतल्या कोपऱ्यातून एक चक्र उतरवलं. जुन्यावर ठेवलं, उजेडाकडे धरलं. सगळ्या भोकांतून आकाश दिसलं. जोडीचं पुढचं चक्र डब्यात निघालं, चेन त्यांनी मापाने तोडून दिली. पुडकं बांधताना त्यांनी एकदाच विचारलं, “कोण, ते कळलं का?”

“कळलं.”

“बरं. म्हणजे माणसातलंच आहे.”

ती तशीच घरी निघाली. पोचली तेव्हा दीड वाजायला आला होता. घर उघडं, खाट रिकामी. ती मागच्या दाराने शेडकडे गेली आणि दारातच थांबली.

अंधारात चाक फिरत होतं.

चेन नाही, चक्र नाही, त्यामुळे आवाज नाही. टायर आणि आऱ्यांचा एक करडा गोल तेवढा गरगरत होता, आणि त्याच्याजवळ पाटावर सासूबाई बसल्या होत्या, डोकं कलतं करून, कान पुढे. गती कमी झाली की त्यांचा हात अंदाजाने आऱ्यांवर जायचा आणि चाकाला पुढे लोटायचा. मग पुन्हा त्या ऐकायच्या. आणि काहीच ऐकू येत नव्हतं. इतकं नि:शब्द काही फिरताना सिस्टरने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“आई, बोटं जातील आऱ्यांत.”

हात थांबला. चाक मात्र बराच वेळ फिरत राहिलं.

“तू होय. आज लवकर.”

“किती दिवस चाललंय हे?”

“त्याच्या तेराव्यानंतर सुरू झालं.” सासूबाईंनी पदर सारखा केला. “मला वेड लागलं असं समजू नकोस हां. तो गेला ते मला कळतं. मनाला कळतं गं. कानाला कोण सांगणार? दीड वाजला की कान उभे राहतात, आणि कानांनी ऐकल्याशिवाय घास उतरत नाही. मग येते, चार वेळा फिरवते, जेवते. कोणाचं काय जातं त्यात?”

“मला सांगायचं नाही का?”

“तू कशाला दोनदा विधवा व्हायचं.”

सिस्टर त्यांच्याजवळ मातीतच बसली. मांडीवर नवं पुडकं होतं. नवी चेन आवाज करणार नव्हती, कारण तिची एकही कडी अजून ताठ झाली नव्हती. जुनी ठेवली तर डोंगराच्या चढावर ती कधीतरी तुटणार, आणि नवी टाकली तर हा आवाज घरातून कायमचा जाणार. दोन्ही गोष्टी तिने सांगून टाकल्या. लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

सासूबाईंनी नवं पुडकं चाचपलं. मग म्हणाल्या, “तुझी तुटायला नको. टाक नवी.”

“आणि तुमचं जेवण?”

“बघू. जुनं मला दे, तेवढंच. भंगारात घालू नका.”

मिस्त्रीने चेनसेट बसवला, इंजिन उघडलं, नवे टायर टाकले. गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतली दोन-चार दारं उघडली आणि सिस्टरला पाहून मिटली. पहिल्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या.

“संध्याकाळी तू आलीस हे मला कळणार कसं? ही तर मुकीच आहे.”

“हॉर्न वाजवीन.”

“हॉर्न काय, कोणीही वाजवतं.”

डोंगरावरचा दिवस लांबला. एक बाळंतीण अडली होती, तिला सोडवून निघेपर्यंत घाटात धुकं उतरलं. दिवा लावला तर समोर नुसता पांढरा पडदा. एका वळणावर खडीवरून मागचं चाक घसरलं, कड्याच्या अंगाला गेलं, आणि कोणीतरी सीट मागून धरावी तशी गाडी सरळ झाली. “क्लच,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने तो दाबला होताच.

गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. तिचा हात किल्लीकडे गेला. तिने ठरवलेलं नव्हतं. इंजिन बंद झालं आणि गाडी आपोआप उताराला लागली, नव्या चेनवरून, तेलासारखी गुळगुळीत, बिनआवाजाची.

आणि तिला ऐकू आलं. टक्.

उतार तीव्र झाला तशी गाडी पळाली, आणि टक् टक्ही पळालं. शेजारणीच्या कुंपणापाशी तिने ब्रेक हळूच दाबला. आवाज मंदावला. दारात गाडी थांबली, आणि तो थांबला.

ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. मग आत गेली.

दिवा लावलेला नव्हता. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, जुनी चेन मांडीवर, आणि ती त्यांच्या बोटांतून एकेक कडी पुढे सरकत होती, माळ ओढावी तशी. ताठ कडी आली की बोटं थांबत आणि तिला वाकवत. टक्.

“आलीस,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. “किती उशीर. धुकं होतं का गं वर?”

“होतं. तुम्हाला कसं कळलं?”

“केव्हापासून सांगत बसलेय त्याला, जा, तिला घेऊन ये म्हणून.” त्यांनी चेन घडी करून खाटेवर ठेवली. “हात धू. ताट घेते.”

सिस्टरने दिवा लावला. तेलाने माखलेली चेन उशाशी गुमान वेटोळं करून पडली होती. एक कडी तेवढी ताठ उभी होती.